शहराच्या वेशीवर गावांची नावं



आज बचतीचा, हप्त्याचा, व्याजाचा विषय काढत नाही. आज आपण फिरायला जाऊ. लांब नाही, अमरावतीला.

"अमरावतीले काय पाहाचं? महिन्यातून दोनदा तं जातो!" असं कुणी म्हणेलच. खरं आहे. आपण अमरावतीला जातो इस्पितळात, कचेरीत दाखल्यासाठी, पोरीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी आणि नवरात्रात अंबामायच्या दर्शनाला. काम झालं की एसटी गाठायची, कारण दिवे लागायच्या आत घर पाहिजे. त्यामुळं शहर आपण कामापुरतं वापरतो, पाहत नाही. आणि सहलीचा विषय निघाला की यादी ठरलेली: शेगाव, माहूर, पंढरपूर, फार झालं तर चिखलदरा.

जगात लोक नुसतं जुनं शहर पाहायला जातात, हे आपल्याला नवल वाटतं. युरोपात क्रोएशिया नावाचा देश आहे. तिथं समुद्राच्या काठी डुब्रोव्हनिक हे जुनं शहर आहे. त्याच्याभोवती दगडाची तटबंदी आहे, लांबी सुमारे १९४० मीटर, म्हणजे दोन किलोमीटरलाही थोडी कमी. तिच्यावरून चालायला लोक तिकीट काढतात, देशोदेशींहून येतात. इंग्लंडात यॉर्क नावाचं गाव आहे. तिथली सुमारे ३.४ किलोमीटर भिंत आजही उभी आहे आणि लोक सकाळ-संध्याकाळ तिच्यावरून फिरतात.

आता आपली गोष्ट ऐका. अमरावतीच्या जुन्या वस्तीभोवती जो दगडी कोट बांधला गेला, त्याचा घेर सव्वादोन मैल होता. म्हणजे साडेतीन किलोमीटरहून थोडा जास्तच. उंची २० ते २६ फूट. एकावर एक चार उंच बाया उभ्या केल्या तरी काही ठिकाणी वरचा दगड हाती लागायचा नाही. डुब्रोव्हनिकच्या भिंतीहून लांब आणि यॉर्कच्या भिंतीच्या तोडीची भिंत आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी होती. आज ती सलग उभी नाही. कुठं भिंत आहे, कुठं तिला घरं टेकली आहेत, कुठं दगड गेले, कुठं नुसतं दरवाजाचं नाव उरलं. पण जे उरलं आहे, त्यातून खूप काही कळतं. फक्त कसं पाहायचं ते ठाऊक पाहिजे. आज तेच सांगायचं आहे.

पहिली गोष्ट, हा कोट बांधावा का लागला?

दोनशे वर्षांपूर्वीचं वऱ्हाड डोळ्यांपुढं आणा. या मुलखात तेव्हा दुहेरी अंमल होता. एका बाजूला हैदराबादचा निजाम, दुसऱ्या बाजूला नागपूरकर भोसले. वसुलीत दोघांचा वाटा. राजे दोन, पण पेरणारा कुणबी एकच. त्याच्या घरातून दोन्हीकडं जायचं. मग १८०३ साली इंग्रजांची शिंदे-भोसल्यांशी लढाई झाली. २९ नोव्हेंबरला आपल्या अकोला जिल्ह्यातल्या आडगावजवळ मोठी लढाई झाली. इंग्रजांच्या पुस्तकात तिचं नाव 'अरगाव' असं छापलं आहे. १५ डिसेंबरला मेळघाटाच्या माथ्यावरचा गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या अलीकडचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं आणि निजामाकडं आलं. या लढायांत इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढं बारा वर्षांनी, १८१५ मध्ये, युरोपात वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणारा तोच. गाविलगडानंतर त्याच्या फौजेचा तळ अमरावतीला पडला होता. शहरातल्या 'कॅम्प' या भागाच्या नावामागं लोक त्याच छावणीची आठवण सांगतात.

लढाई संपली, पण मुलूख शांत झाला नाही. घोड्यावरून टोळ्यांनी येणारे पिंडारी गावं लुटत होते. आपल्या आज्या लहान पोराला भीती दाखवायच्या, "निज, नाहीतर पेंढारी येतीन." ती भीती कुठून आली ते आता कळलं ना? अमरावतीत तेव्हा कापसाचे मोठे व्यापारी, सावकार, सराफ गोळा झाले होते. जिथं पैसा, तिथं लुटारूंचा डोळा. म्हणून १८०७ साली निजामाच्या सरकारनं हा कोट बांधायला घेतला. व्यापारी टिकले तर पेठ टिकेल, पेठ टिकली तर सरकारची वसुली टिकेल, असा सरळ हिशेब होता.

मग खेड्यातल्या माणसांनी काय करायचं? त्यांच्यासाठी गढ्या होत्या. आपल्या वऱ्हाडात कितीतरी गावांत पांढऱ्या मातीची गढी उभी आहे, निदान तिचा उंचवटा तरी आहे. पोळ्याला घर सारवायला, चूल घालायला पांढरी माती आपण तिथूनच आणली. ती गढी म्हणजे गावाचा कोट. धाड आली की लोकांनी पोरंबाळं घेऊन आत जायचं आणि दार लावून घ्यायचं. शहराची भिंत दगडाची, आपली मातीची, पण भीती एकच होती. म्हणून गढीवरची माती खोऱ्यानं ओढताना एकदा थांबा. आपण आपल्या गावचा इतिहास टोपल्यांनी वाहून नेत आहोत.

आता कोटाकडं चला. त्याला पाच मोठे दरवाजे होते आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे घराच्या भिंतीतली नव्हे. कोटाला ठेवलेला लहान दरवाजा, पायी माणसाला येण्या-जाण्यापुरता. मोठ्या दरवाजातून बैलगाड्या, घोडे, लदलेले बैल जायचे, खिडकीतून साधी माणसं. घागर घेतलेली, मोळी घेतलेली, भाजीची टोपली घेतलेली बाई कोणत्या वाटेनं गेली असेल, ते आपण ओळखू शकतो.

पाच दरवाजांची नावं नीट ऐका. नागपुरी, खोलापुरी, भुसारी, महाजन आणि अंबा. राजाचं नाव एकालाही नाही, सरदाराचंही नाही. मग कुणाची आहेत ही नावं?

दोन नावं वाटांची आहेत. नागपुरी दरवाजा म्हणजे नागपूरच्या वाटेचा आणि खोलापुरी दरवाजा म्हणजे खोलापूरच्या वाटेचा. खोलापूर हे भातकुली तालुक्यातलं गाव. आपल्यापैकी कुणाचं माहेर तिथं असेल, कुणाची नणंद तिथं दिली असेल. जुन्या काळी खोलापूर रेशमाच्या व्यापारासाठी ओळखलं जायचं. एवढ्या मोठ्या पेठेच्या शहरानं आपल्या दरवाजाला शेजारच्या गावाचं नाव दिलं, कारण त्या दरवाजातून बाहेर पडलं की पाय तिकडंच जायचे आणि तिकडूनच माल यायचा.

दोन नावं बाजाराची आहेत. भुसार म्हणजे धान्य, भुसारी म्हणजे धान्याचा व्यापारी. महाजन म्हणजे सावकार, मोठा व्यापारी. एका नावात ज्वारीच्या पोत्यांचा वास आहे, दुसऱ्या नावात वहीखात्याचा. आणि ही दोन नावं एकाच कोटाला शेजारी असावीत, हे काही उगीच नाही. धान्य पिकवायचं आपण, भुसाऱ्यानं ते विकत घ्यायचं आणि पुढच्या पेरणीला पैसा लागला की महाजनाच्या दारात जायचं. आपला बचत गट कशासाठी उभा राहिला, याचं उत्तर या दोन दरवाजांच्या नावांत लिहिलेलं आहे. महाजनाच्या दारात जावं लागू नये म्हणून आपण पेटी ठेवली, किल्ली दुसरीकडं ठेवली आणि दर महिन्याला रुपया-रुपया मोजला.

पाचवं नाव देवीचं. अंबा दरवाजा नावानंच अंबादेवीकडं बोट दाखवतो. अंबादेवीची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. वर्धेच्या काठच्या कौंडिण्यपूरची रुक्मिणी. भावानं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं. तिला ते मान्य नव्हतं. तिनं स्वतः कृष्णाला पत्र धाडलं आणि देवीच्या दर्शनाच्या निमित्तानं देवळात आली, तिथून कृष्णानं तिला नेलं. ते देऊळ हेच, असं आपल्याकडं पिढ्यानपिढ्या सांगतात. आजही कौंडिण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. गोष्ट पुराणातली आहे, इतिहासाच्या वहीतली नाही. पण वऱ्हाडातल्या बायांनी कोणती गोष्ट जपली, हाही एक इतिहासच आहे. स्वतःच्या लग्नाचा निर्णय स्वतः घेऊन, तो कागदावर लिहून पाठवणारी पोरगी आपण जपली.

आता चार खिडक्या. पटेल, माता, छत्रपुरी आणि खुनारी. पहिली तीन नावं रोजची वाटतात. चौथं नाव ऐकून अंगावर काटा येतो. इंग्रजांच्या काळात सरकारनं जिल्ह्याजिल्ह्याची माहिती गोळा करून जाडजूड ग्रंथ छापले, त्यांना गॅझेटियर म्हणतात. त्यात नोंद आहे की १८१८ सालच्या मोहरमात या खिडकीजवळ मारामारी झाली आणि ७०० माणसं मारली गेली. म्हणून खिडकीचं नाव पडलं खुनारी. बाहेरच्या लुटारूंना अडवायला भिंत बांधली आणि अकरा वर्षांत तिच्या आतच रक्त सांडलं. सणाचा दिवस होता. सातशे घरांत त्या रात्री चूल कशी पेटली असेल, हे कुठल्या ग्रंथात लिहिलेलं नाही. पण लोकांनी त्या जागेला दुसरं गोड नाव दिलं नाही. जे झालं ते नावात ठेवलं. सणाच्या दिवशी गावात कुणी काडी टाकायला लागलं तर या खिडकीची आठवण आपण द्यायची. भिंत कितीही उंच असो, आतल्या माणसांचं एकमेकांशी पटत नसेल तर ती कुणाला वाचवत नाही.

दरवाजा पाहून झाला की आतल्या गल्ल्यांत शिरा. इथंही पाट्यांवरची नावं वाचत चला. सराफा, भाजीबाजार, बुधवारा, सक्करसाथ. कोटाच्या बाहेर इतवारा. बुधवारा आणि इतवारा म्हणजे बाजाराचे वार. आपल्या गावाला जसा सोमवारचा किंवा शुक्रवारचा बाजार, तसाच शहरालाही होता. शहर म्हणजे मुळात मोठा आठवडी बाजारच. सक्करसाथ म्हणजे साखरेची पेठ. नागपुरातही मस्कासाथ आहे, तिथं मस्का म्हणजे लोणी. साथ हा पेठेसाठीचा आपला जुना शब्द. आता तो फक्त या नावांमध्ये जिवंत राहिला आहे.

पण या सगळ्या पेठा ज्या एका मालावर उभ्या राहिल्या, त्याचं नाव कुठल्याच दरवाजावर नाही. तो माल म्हणजे कापूस. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून उत्तरेत गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. अंतर पाचशे मैलांहून जास्त. तांडेच्या तांडे निघायचे. तिथून नावेनं पुढं कलकत्त्याकडं. जायला यायला महिने लागायचे, पाऊस लागला की बोंडाचा चिखल. आणि कापूस शेतातून बाजारात येईपर्यंत त्यावर कुणाचे हात फिरायचे? वेचणी बाईची. लाकडी रेच्यावर सरकी वेगळी करणं बाईचं. सूत कातणं बाईचं. पुढं जिनिंगचे कारखाने आले तेव्हाही यंत्रापुढं कापूस टाकायला बायाच उभ्या होत्या, नाकातोंडात तंतू जात होते. सराफ्याच्या माड्या, सावकारांचे वाडे, कोरलेल्या चौकटी पाहताना हे विसरू नका. आपल्या पणजीच्या ओट्यात आधी तो कापूस होता, नंतर त्याचा वाडा झाला.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी वऱ्हाडच्या कापसाचा भाव एकदम चढला. युद्ध संपलं, भाव उतरला. परदेशात काहीतरी होतं आणि आपल्या घरात दिवाळी होते किंवा होत नाही, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे. १८६७ मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोचली आणि बैलांचे तांडे संपले. त्याआधीच, १८१८ च्या सुमारास, पिंडाऱ्यांचा बीमोड झाला होता. आता कोटाची गरज उरली नाही. शहर भिंतीच्या बाहेर वाढू लागलं आणि भिंत मधेच अडचण होऊन राहिली.

जगभर असंच झालं. ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना. तिथल्या बादशहानं १८५७ च्या डिसेंबरात हुकूम काढला की कोट पाडा. त्या जागेवर शहराला वळसा घालणारा रुंद रस्ता झाला, त्यावर मोठमोठ्या इमारती झाल्या. यॉर्कमध्येही १८०० साली नगरपालिकेनं भिंत पाडायचं ठरवलं होतं. पण लोकांनी विरोध केला. काही भाग गेला, बराचसा वाचला. आज जगातून लोक तीच भिंत पाहायला येतात आणि गावातल्या हॉटेलांना, दुकानांना, धर्मशाळांना काम मिळतं. दोन्ही शहरांत एक फरक लक्षात ठेवा. व्हिएन्नात वरून ठरलं. यॉर्कमध्ये गावातले लोक बोलले. जुनी वस्तू वाचते ती बोलणाऱ्यांमुळं, हे आपल्याला ग्रामसभेत बसून चांगलं माहीत आहे.

अमरावतीचा कोट जुना झाला, पण शहरात मोठमोठी माणसं येत राहिली. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं, अध्यक्ष होते सी. शंकरन नायर. ते वर्ष दुष्काळाचं होतं, पुण्या-मुंबईकडं प्लेग होता आणि लोकमान्य टिळक तुरुंगात होते. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. त्या मंडळाचा संघ १९३६ मध्ये युरोपात, बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी, आपले देशी खेळ दाखवून आला. परदेशी लोकांनी आपली कबड्डी पाहिली, आणि ती दाखवणारी पोरं अमरावतीची होती.

पण आम्हाला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते १९२७ साल.

दगडाचा कोट सगळ्यांना दिसत होता. दुसरा एक कोट दिसत नव्हता, पण त्याहून उंच होता. अंबादेवीच्या देवळात अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या समाजाला जाऊ देत नव्हते. ज्या देवीच्या नावानं शहराचा दरवाजा आहे, तिच्याच दारातून लेकरांना परत पाठवत होते. त्याविरुद्ध चळवळ उभी राहिली. त्यात डॉ. पंजाबराव देशमुख पुढं होते. पापळचा शेतकऱ्याचा मुलगा, शिकायला इंग्लंडात ऑक्सफर्डला गेला, जिथं हजारो लोक जुने दगड आणि जुनी कॉलेजं पाहायला जातात. परत आल्यावर त्यानं आपल्या शहरातला दगड हलवायचं ठरवलं. १३ आणि १४ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी त्यांनी हातात घेतलं होतं. अमरावतीची परिषद चालू असतानाच बाबासाहेबांना थोरले भाऊ बाळाराम गेल्याची तार मिळाली. घरात दुःख, आणि समोर हजारो लोकांचा प्रश्न. पुढं संविधानानं अस्पृश्यता गुन्हा ठरवली. त्या संविधान सभेत बाबासाहेब होते आणि पंजाबरावही होते.

म्हणून अंबामायच्या दर्शनाला जाल तेव्हा रांगेत उभ्या असताना लेकीला रुक्मिणीची गोष्ट सांगा आणि त्याच दमात १९२७ ची गोष्टही सांगा. दोन्ही गोष्टी त्याच पायरीच्या आहेत. एक सोडून दुसरी सांगितली तर गोष्ट अर्धी राहते.

अकोल्याच्या बहिणी म्हणतील, "सारं अमरावतीचंच सांगून राह्यल्या, आमचं काय?" तुमचंही आहे. मोर्णेच्या काठी असदगड आहे. औरंगजेबाचा वजीर असद खान याच्या नावावरून ते नाव, काळ सतराव्या शतकाच्या अखेरचा. म्हणजे अमरावतीच्या कोटाहून तो शंभर वर्षांनी जुना. त्याच्या वेशींची नावं ऐका. एक दहीहांडा वेस, एक अगर वेस. दहीहांडा आणि अगर ही दोन्ही अकोला तालुक्यातली गावं. अमरावतीत जे खोलापूरचं, तेच इथं दहीहांड्याचं आणि अगरचं. किल्ला वजिराच्या नावानं, पण वेशी खेड्यांच्या नावानं. आणि दहीहांड्याची आणखी एक ओळख विसरू नका. तिथल्या विहिरींचं पाणी खारं. १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, तेव्हा समुद्र नसलेल्या वऱ्हाडात मीठ कुठून आणायचं? लोक दहीहांड्याला गेले आणि त्या खाऱ्या पाण्यापासून मीठ करून कायदा मोडला. वेशीवर नाव असलेल्या गावानं इंग्रज सरकारला असं उत्तर दिलं.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं कळून आपल्या गटाला काय मिळणार?

आम्ही गावोगाव बैठका घेतो तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. गटात हिशेब चोख ठेवणारी, भांडण मिटवणारी, वीस बायांना बोलतं करणारी अध्यक्ष शहराच्या कचेरीत गेली की दाराशीच थबकते. पदर सावरते, चप्पल बाहेर काढू का म्हणून इकडंतिकडं पाहते, कुणीतरी हटकेल म्हणून आवाज बारीक करते. तिला वाटतं, शहर दुसऱ्यांचं आहे, आपण पाहुण्या आहोत. आम्हाला त्या बाईला एवढंच सांगायचं आहे. बाई, या शहराच्या दरवाजांवर तुझ्या गावांची नावं आहेत. तुझ्या कापसानं या पेठा भरल्या, तुझ्या ज्वारीनं भुसाऱ्याचं घर चाललं. शहर तुझ्या वाटेकडं तोंड करून उभं होतं. मान वर करून आत जा.

म्हणून आमचं एक मागणं आहे. या हिवाळ्यात, कापूस वेचणीतून एक दिवस सवड काढून, गटानं एक दिवसाची सहल करा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा इस्पितळाच्या फेऱ्यांपुरताच का घ्यायचा? सकाळच्या गाडीनं निघा. भाकरी-पिठलं, ठेचा, पाण्याची बाटली सोबत घ्या. पायात चालायची चप्पल घाला. गटातली एखादी कॉलेजला जाणारी पोरगी सोबत असू द्या, तिच्याकडं वही द्या. पाचही दरवाजे आणि चारही खिडक्या विचारत विचारत शोधा. रिक्षावाल्याला, पानटपरीवाल्याला, ओट्यावर बसलेल्या म्हातारीला विचारा. कोणता दरवाजा उभा आहे, कोणता नुसता नावाला आहे, ते लिहा. भिंतीला हात लावून पाहा, दगड कसा बसवला आहे ते पाहा. तो फोडणाऱ्या, वाहणाऱ्या, चुना मळणाऱ्या हातांचं नाव कुठंही कोरलेलं नसतं, तेव्हा निदान आपण तरी त्यांची आठवण काढू. भिंतीवर नाव मात्र खरडू नका, आणि पोरांनाही खरडू देऊ नका.

आणि परत आल्यावर खरं काम सुरू होतं. आपल्या गावाला वेस होती का? तिचं तोंड कोणत्या गावाकडं होतं? गढी कुणाची? बाजाराचा वार कोणता, आणि तो बदलला असेल तर का? कोणत्या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नव्हते? ही उत्तरं आज सत्तर-ऐंशीच्या म्हाताऱ्यांपाशी आहेत, आणि दरवर्षी त्यांतल्या काही जणी जातात. त्यांच्याबरोबर नावंही जातात. साथ म्हणजे पेठ हे आता किती जणींना माहीत आहे, ते आजच आपल्या गटात विचारून पाहा, म्हणजे कळेल.

गटाच्या रजिस्टरला शेवटी दोन-चार पानं कोरी राहतात. तिथं हे लिहून ठेवा. सांगणारीचं नाव आणि वय लिहा, तारीख टाका, खाली ठरावासारख्या सगळ्या जणींच्या सह्या घ्या. सही येत नसेल तर अंगठा चालेल. लिहून झालं की ते पान घेऊन आमच्या रेडिओवर या. माईकसमोर वाचायला भीती वाटली तर आम्ही शेजारी बसू.

रामराम, जयभीम, सलाम. भेटू पुढच्या भागात.